तुम्ही विचारलंत म्हणून: दर वर्षी तोच ओढा का?

ऑफिसात, सोसायटीत, माहेरी, कुठेही गेले तरी हा प्रश्न ठरलेला असतो, की अगं दर वर्षी तुम्ही त्या कसाऱ्याकडच्या जंगलातच कशाला जाता, टेंट लावून राहायचंच असेल तर हिमाचल आहे, कूर्ग आहे, त्या एका ओढ्याशी एवढं काय आहे? मी आत्तापर्यंत "आवडतं आम्हाला" एवढंच सांगायचे. पण परवा जाऊबाईंनी अगदी मनापासून विचारलं, म्हणून आज नीट लिहिते.

आधी जागा सांगते. मुलुंडहून ठाण्याला यायचं, पहाटेची कसारा लोकल पकडायची, दोनेक तासांनी शेवटच्या स्टेशनला उतरायचं, बाहेर चहा घ्यायचा, मग जीप, आणि जीपने सोडलं की तासभर पायी. आधी कापणी झालेली भाताची खाचरं लागतात, मग साग, आणि मग एका वळणानंतर ऐन आणि उंबर सुरू होतात आणि पाण्याचा आवाज येतो, पाणी मात्र अजून दिसत नाही. ऐनाचं खोड बघितलंय का कधी? मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीची साल असते, माझी मुलगी लहान असताना त्याला हात लावायला घाबरायची. ओढ्याच्या वरच्या अंगाला एका ठाकर कुटुंबाची स्वतःची जमीन आहे, त्यांना विचारून तिथे राहतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मोठे स्पीकर घेऊन येणारी गर्दी तिथे पोचायला नको असं मला अगदी मनापासून वाटतं.

पहिल्यांदा आम्ही डिसेंबरात गेलो होतो. मला वाटलेलं टेंट अगदी काठावर लावायचा, दारातून पाय पाण्यात. मावशींनी (त्या घरच्या बाई, आम्ही मावशीच म्हणतो) बघितलं आणि सरळ सांगितलं, "ताई, वर लावा, खाली गारठून जाल." आणि खरंच, रात्री थंड हवा उतारावरून घरंगळत खाली ओढ्यात येऊन बसते, काठावर टेंट दवाने आतूनबाहेरून ओला होतो आणि तीस-चाळीस पावलं वर उंचवट्यावर मात्र कोरडं असतं. तेव्हापासून वरच. आणि चेन पूर्ण लावायची, दोन मिनिटं बाहेर जायचं असलं तरी, कारण मण्यार रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावली तर बरेचदा दुखतही नाही, कळतच नाही. हे मी टेंट घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

त्या रात्री चुलीवर नाचणीची भाकरी, सुकट आणि ठेचा, मग चूल विझवल्यावर रातवा पक्षी ओरडायला लागला. दगडावर गोटी टाकली की ती टण... टण.. टण.टण करत कशी थांबते, अगदी तसा आवाज. आणि खाली ओढा सतत. मुंबईत मला झोपेची गोळी लागायची त्या काळात, तिथे नऊला झोपले ती सकाळी मुलीने उठवलं तेव्हा जाग आली. सकाळी ओढ्यातल्या कुंडीत, म्हणजे दगडांमधल्या छोट्या डोहात, पाणी इतकं नितळ की तळाच्या खेकड्याच्या पायांची सावलीसुद्धा दिसत होती. बस, प्रेमात पडायला एवढं पुरलं. तीन-चार वर्षं दर डिसेंबरला गेलो.

मग एका वर्षी मुलीची डिसेंबरात परीक्षा होती म्हणून एप्रिलअखेर गेलो.

पाण्याचा आवाज जिथे सुरू होतो ते वळण आलं आणि काहीच ऐकू आलं नाही. मला आधी वाटलं वाट चुकलो. ओढा होता तिथेच होता, पण नुसते काळे दगड, त्यावर सुकलेल्या शेवाळाचा पांढरट पापुद्रा, आणि कुंडीच्या जागी वाळू. मावशी त्या वाळूत गुडघे टेकून बसल्या होत्या. कोपरभर खोल खड्डा, झिरा म्हणतात, त्यात वाटीने पाणी काढत होत्या. आधीचं गढूळ पाणी दोन-तीन वाट्या बाहेर टाकायचं, थांबायचं, बाजूने वाळूतून पाणी पाझरायला लागतं, तळाशी जेमतेम साचतं, मग वाटी आडवी धरून दगडाला न लावता अलगद भरायची आणि हंड्याच्या तोंडावर बांधलेल्या फडक्यातून ओतायची. वाटी दगडाला घासली की परत गढूळ. एका हंड्याला पाऊण तास. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगते. आणि भरला तेव्हा त्यातला पहिला तांब्या त्यांनी माझ्या मुलीला दिला. आम्ही प्रत्येकी एक बाटली घेऊन गेलो होतो, वर ओढा आहेच म्हणून.

घरी येऊन मी शोधायला बसले की हे असं का. तर आपला सह्याद्री म्हणजे काळ्या पाषाणाचे एकावर एक थर, चार महिन्यांत धो धो पाऊस पडतो, कसारा ज्यात येतं त्या शहापूर तालुक्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, पण तो दगड पाणी फारसं धरून ठेवत नाही, फटींत आणि मुरमात जे मुरतं तेवढंच नंतर झिरपत राहतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत संपतं. बाकीचं वाहून जातं. कुठे जातं? हा ओढा पुढे भातसा नदीला मिळतो, खाली धरण आहे, तिथलं पाणी पिसे, पांजरापूर इथल्या पाणी उचलायच्या आणि शुद्ध करायच्या केंद्रांतून आपल्याकडे येतं. मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार, तुळशी, आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. चाळीसहून जास्त वर्षं झाली आपण ते पितोय. आणि वाड्या राहिल्या वर, पाणी साठतं खाली, उचलून वर कोण आणणार, म्हणून दर उन्हाळ्यात त्याच तालुक्यात टँकर फिरतात. धरण उशाला नि कोरड घशाला, हे मी लहानपणापासून नुसतं ऐकत आले होते.

2024 च्या जूनमध्ये पालिकेने 10 टक्के पाणीकपात केली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर केवढा गोंधळ झाला, रात्री बारापर्यंत मेसेज, आणि मला सारखा तो फडकं बांधलेला हंडा दिसत होता. मी ग्रुपवर ते लिहिलं. कुणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, "ती वाटीची गोष्ट खरी का गं?"

तर म्हणून तोच ओढा, जाऊबाई. माझ्या नळाला जे येतं ते कुठून येतं हे मला बघता येतं, अशी ती एक जागा आहे. आता आम्ही वर्षातून दोनदा जातो, डिसेंबरात राहायला आणि एप्रिलमध्ये फक्त भेटायला, एप्रिलमध्ये वीस लिटरचे कॅन जीपने जमतील तेवढे नेतो. त्याने काही त्यांचा उन्हाळा सुटत नाही हे मला माहीत आहे, दोन दिवस मावशींना वाळूत बसावं लागत नाही एवढंच. डिसेंबरात कुंडीत साबण लावून आंघोळ करत नाही, भांडी राखेने घासून त्याचं पाणी लांब नेऊन टाकतो, शौचाला जाताना छोटं फावडं घेऊन पाण्यापासून निदान 60 मीटर लांब जातो, कारण त्याच ओढ्यात खाली दुसऱ्या वाडीच्या बायका भरतात.

यंदा डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी निघतोय. मोठ्या टेंटमध्ये दोघांची जागा आहे, तुम्ही आणि भावोजी याच. स्लीपिंग बॅग मी देईन, जाड मोजे आणि टॉर्च तेवढे आणा, आणि आवडलं तर एप्रिलला पण या, तेव्हा मात्र दोन-दोन कॅन उचलावे लागतील, शेवटचा चढ जरा दमवतो.