तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या गाडीतून मयत का नेत नाही

लग्नात, आठवडी बाजारात, दहाव्याला, जिथे भेटाल तिथे गावच्या रुग्णवाहिकेबद्दल हाच प्रश्न. "भाऊ, गाडी गावाच्या वर्गणीची, मग मयत का नेत नाही?" विचारणाऱ्यांतले निम्मे स्वतः वर्गणीदार, त्यामुळे हसून टाळताही येत नाही. एकदाचं लिहूनच टाकतो.

गाडी कशी आली, गणपतीच्या शिलकीत कोणी किती भर घातली, ओम्नीचं मागचं सीट काढून स्ट्रेचर कोणी बसवलं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगता. ते सोडतो. तेव्हा सरकारी रुग्णवाहिका, १०८, नव्हती. राज्यात ती २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. त्याआधी आमच्या चोपडा तालुक्यातून पेशंट जळगावला न्यायचा म्हणजे कोणाची तरी जीप शोधायची, नाहीतर केळीच्या ट्रकला हात दाखवायचा. आणि सुरुवातीला आम्ही मयतही नेत होतो. बैठकीत टेबलावर हात आपटून "गावची गाडी आहे, माणूस जिता असो की मेलेला" असं म्हणणारा मीच. त्या वेळचा मी आज समोर आला तर त्याच्याशी माझं कडाक्याचं भांडण होईल. तो हरेलच याची मात्र खात्री नाही.

झालं असं, की वैजापूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातल्या एका पाड्यावर गाडी मयत पोचवायला गेली. पुढे रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि रडणाऱ्या घरातून "आम्ही निघतो" म्हणायला कोणाचं तोंड उघडेना. इकडे गावात बाळंतीण अडली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून नेली तिला. दोघं वाचली. दुसऱ्या आठवड्यात मी तोंड लपवत घरी गेलो, तर तिची सासू म्हणाली, "गाडी दारात असती तरी बसवली नसती. मुडद्याची गाडी ती." त्यानंतर बायाबापड्यांच्या केससाठी फोन येणंच कमी झालं. मग नियम केला: मयत न्यायचं नाही. कोणाचंच नाही, माझ्या घरचंही नाही.

आता ती रात्र. ती तुम्ही मला आडून आडून ऐकवता.

पावसाने ओढ दिली होती, शेतीची लाइट रात्रीची. केळीला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला मोटारीजवळ घोणस चावली. घरी कळेपर्यंत बराच वेळ गेलेला. पायाला टॉवेल करकचून बांधलेला होता, तो मी सैल केला. पाय हलू नये म्हणून त्याचा मेहुणा मागे गुडघ्यांवर बसला. विदगावचा पूल ओलांडेपर्यंत तो बोलत होता. मोटार बंद केली का, एवढंच पुन्हा पुन्हा. सिव्हिलला लस मिळाली, डॉक्टर रात्रभर त्याच्याजवळून हलले नाहीत. सकाळी तो गेला.

सापाची केस म्हणजे पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम. त्यात दुपार उलटणार. बाहेरच्या गाडीवाल्याने मेहुण्याचा चेहरा बघून भाव सांगितला. मेहुणा माझ्याकडे आला. "जित्ता व्हता तवय लई उनात ना भाऊ, मंग आते का बरं नही?"

मी नियम सांगितला. खिशात होते तेवढे पैसे त्याच्या हातात कोंबले. त्याने ते मोजले नाहीत, परतही केले नाहीत.

गाडी रिकामी निघाली, त्याच रस्त्याने. वर त्याची बॅटरी गाडीतच राहिलेली, ती द्यायला त्याच्या दारात थांबावं लागलं. घरी फोनवर कळलेलं होतं. म्हातारी आई बाहेर आली, बॅटरी घेतली आणि वाकून गाडीत मागे बघितलं. मग माझ्याकडे.

हो, रिकामी आणली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही फोन आला नाही, हेही तुमच्याआधी मीच सांगतो. पण फोन येणार नाही हे सकाळी कोणाला ठाऊक असतं? १०८ तरी कुठे मयत नेते? तिच्यात डॉक्टर असतो, तिला पुढचा पेशंट असतो. तिला कोणी दहाव्याला गाठून जाब विचारत नाही.

पुतण्या कराचीच्या अब्दुल सत्तार एधींचा दाखला देतो. आपल्या गुजरातेत, बांटव्यात जन्मलेला माणूस. एका जुन्या गाडीपासून सुरुवात केली, पेशंट नेले आणि बेवारस प्रेतंही स्वतः उचलली. खरं आहे, आणि उत्तर देताना माझी जीभ अडखळते. पण त्यांच्या नावाने पुढे गाड्यांचा ताफा उभा राहिला. आमची गाडी एक, ड्रायव्हर शेतातून उठून येणारे.

मग वेगळी शववाहिका घ्या, म्हणता. घेऊ की! गाडीच्या दारावर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" लिहायला देणगीदार रांग लावतात. शववाहिकेचं नाव काढलं, की तेच लोक चहा संपवून उठतात. बापाचं नाव त्या गाडीवर कोणाला नको असतं.

दसऱ्यानंतर बैठक आहे. विषय पुन्हा निघणार, तो मेहुणाही आता वर्गणीदार आहे, तोही येईल. नियम मोडायला हात वर करा म्हणाले तर माझा जातो की नाही, ते आज विचारू नका. तुम्ही मात्र या, आणि येताना पावतीपुस्तकापुरते पैसे आणा.