ओशिवऱ्याहून आलेलं कपाट

डोंबिवलीहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो गाडी पकडून राम मंदिरला उतरलो तेव्हा अकरा वाजत आले होते. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजाराला जोगेश्वरीपेक्षा हे स्टेशन सोयीचं, पश्चिमेला बाहेर पडून चालत जाता येतं. फार लवकर जाऊन उपयोग नाही, आम्ही गेलो तेव्हाही बरीच शटरं अर्धीच वर गेली होती. बरोबर आत्या होती, कारण घासाघीस मला जमत नाही आणि तिचा तो छंद आहे.

बेडरूमसाठी कपाट, जमलं तर पलंग, एवढंच हवं होतं. रिलीफ रोडच्या गाळ्यांमध्ये कपाटांवर कपाटं रचलेली, वर छताला उलट्या खुर्च्या आणि दारात रस्त्यावरच पोरं पॉलिशपेपर मारत बसलेली. ती काय घासतायत ते आधी पाहून घ्या. जुन्या दरवाजांचं, तुळयांचं लाकूड कापून कालच बनवलेलं 'अँटिक'ही इथे भरपूर असतं. लाकूड चांगलं असतं, फक्त त्याला शंभर वर्षांची किंमत देऊ नका.

दुकानदार दर्शनी बाजू दाखवतो, आपण पाठ बघायची. खण पूर्ण बाहेर काढून उलटा करा. खालची बाजू सहसा बिनपॉलिशची असते, तिचा रंग वयानुसार कमीजास्त काळवंडलेला हवा. तीही समोरच्यासारखी एकसारखी चॉकलेटी असेल तर रंग पाजलाय. खण सरकून सरकून कडा झिजलेल्या हव्यात. कोपऱ्यातल्या सांध्याचे दात थोडे लहानमोठे असले तर बहुधा ते हातानं कापलेत. पाठीला प्लायवूड दिसलं तर ते बहुधा नंतरचं. न दिसणाऱ्या जागी नखानं खरवडलं की सागाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो. "बर्मा टीक है मॅडम" हे मात्र प्रत्येक गाळ्यात ऐकायला मिळेल, ते नमस्कारासारखं घ्यायचं.

कपाटावर बुक्की मारा. भोकांतून टाल्कमसारखी ताजी पूड पडली तर किडा अजून आत असू शकतो, तिथून निघा. एक कोरीव पलंग मला फार आवडला होता. मोबाइलच्या टॉर्चखाली सांध्यांत काळे ठिपके दिसले. ढेकूण! शिवाय तो होता सहा बाय चार, आमची गादी साडेसहा बाय पाच. सुटले.

कपाटाचे बावीस हजार सांगितले. आत्या वाकली, पायांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "२६ जुलैचं पाणी प्यायलंय हे." म्हणजे २००५च्या पुराचं. पायांवर पाण्याची रेघ होतीच. साडेतेरा हजारांत सुटलं. टेम्पोचे बत्तीसशे वेगळे, आणि ताडपत्री आहे ना हे आधी विचारा. आम्ही नव्हतं विचारलं. जुलै होता.

खरी फजिती घरी झाली. दुकानात कपाट मापलं, पण आमच्या लिफ्टचं दार मापायचं राहिलं. हमालांनी चार मजले जिन्यानं चढवलं, प्रत्येक वळणावर वरची नक्षीची पट्टी भिंतीला घासत. वर पोहोचल्यावर कळलं, ती पट्टी नुसत्या चार स्क्रूंवर होती! गाळ्यातच सोडवून घेतली असती तर भिंतही वाचली असती.

पॉलिशसाठी आधी मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवला. पॉलिश चिकट होऊन सुटलं म्हणजे ते लाखेचं, सगळं खरवडायची गरज नाही. स्पिरिटनं मळ काढला, २२० नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनं हलका मारला. लिटरभर स्पिरिटला दीडशे ग्रॅम चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची सुकी लाख) रात्रभर भिजवून मलमलच्या कापडातून गाळली. कापसाच्या बोळ्याला सुती कापड गुंडाळून पातळ हात द्यायचे, मध्ये सुकू द्यायचं. मी घाईनं ऑगस्टच्या पावसात दिले आणि दारांवर पांढरं धुकं आलं. दमटपणानं लाख अशीच पांढरट होते. उघडीप पडल्यावर किंचित स्पिरिटचा बोळा फिरवला तेव्हा ते गेलं. आतला जुना हिरवा रंग मी कोरडा घासला नाही, जुन्या रंगात शिसं असू शकतं. मास्क लावून ओल्या पेपरनं घासलं, मुलांना दोन दिवस खोलीत येऊ दिलं नाही.

मधला खण मात्र अडकायचा. पावसानं लाकूड फुगलंय म्हणत मी आठवडाभर मेणबत्ती घासली, दोन शिव्या हासडल्या. शेवटी तिन्ही खण काढून पालथे घातले तर तळाला सुतारानं पेन्सिलीनं १, २, ३ घालून ठेवलं होतं. बाजारात मी एकच खण उलटा केला होता. दोन आणि तीनची अदलाबदल केली, दोन्ही एका बोटानं सरकले.