एकाच माणसावरून सर्वांविषयी कसे सांगता येते?

मानसशास्त्राच्या वर्गात व्यक्ती-अभ्यास पद्धतीचा, म्हणजे एकाच व्यक्तीच्या सखोल अभ्यासाचा, धडा सुरू झाला, की हा प्रश्न ठरलेला असतो. तुम्हीही तोच विचारलात, म्हणून नीट उत्तर देते.

मला नेहमी हेन्री मोलेसन आठवतात. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी (झटके येण्याच्या आजारासाठी) १९५३ साली, वयाच्या २७व्या वर्षी, अमेरिकेतील हार्टफर्ड येथे विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकांनी त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस (मेंदूच्या आतला एक छोटा भाग) आणि लगतचा भाग दोन्ही बाजूंनी काढला. झटके कमी झाले. परंतु नुकताच भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला, तरी त्यांच्यासाठी तो अनोळखीच असे. बुद्धी, भाषा आणि बालपणीच्या आठवणी मात्र शाबूत होत्या.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायला सांगितले. तीन दिवसांत त्यांच्या चुका घटत गेल्या, हात सफाईदार झाला, आणि तरीही हे काम आपण पूर्वी केल्याचे त्यांना आठवत नव्हते. स्मृती ही एकसंध क्षमता असती, तर असे घडलेच नसते. उंदरांवरील प्रयोगांवरून मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली यांनी स्मृती मेंदूत सर्वत्र विखुरलेली असते असे मानले होते. त्या मताला या अभ्यासाने मोठा धक्का दिला. किती लोकांत काय आढळते, हे एका व्यक्तीवरून कधीच कळत नाही. पण एखादी गोष्ट अशक्य आहे असा दावा असेल, तर तो खोडायला नीट तपासलेले एक उदाहरण पुरते.

तेवढ्यावर विसंबणे मात्र मला मान्य नाही. मोलेसन यांचा मेंदू शस्त्रक्रियेपूर्वीही निरोगी नव्हता. शिवाय काढलेला भाग स्कोव्हिल यांच्या अंदाजाहून लहान होता आणि हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग उरला होता, हे एमआरआयमुळे १९९७ साली, म्हणजे चार दशकांनी प्रसिद्ध झाले. म्हणूनच इतर रुग्णांचे आणि माकडांवरील प्रयोगांचे निष्कर्ष त्याच दिशेने गेल्यावर हा पुरावा भक्कम झाला.

पन्नासहून अधिक वर्षे ते चाचण्या देत राहिले, आणि आधीची चाचणी त्यांना आठवत नसे. २००८ साली मृत्यू होईपर्यंत जगाला ते 'एच. एम.' या दोन अक्षरांनीच माहीत होते. वर्गात मी त्यांचा उल्लेख पूर्ण नावानेच करते.