कोऱ्या पानाचा मजकूर

आत्मचरित्राचं पुस्तक 192 पानांचं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे बरोबर बारा फर्मे, आणि शेवटचं पान कोरं. संध्याकाळी फाइल छापखान्यात जायची होती. अकराच्या सुमारास लेखिकाबाई स्वतःच आल्या आणि पर्समधून घडी केलेला कागद काढून म्हणाल्या, "हे त्या कोऱ्या पानावर घ्या."

माफीनामा होता तो. वसतिगृहातले उद्योग, बुडवलेल्या परीक्षा, एकाच महिन्यात तिघांच्या प्रेमात पडणं, सगळ्याबद्दल दिलगिरी. बाई 67 वर्षांच्या. "नातवंडं वाचतील हो," त्या म्हणाल्या.

आता काय बोलणार! मी बरीच वर्षं आत्मचरित्रांची प्रुफं वाचतोय. चाळिशी उलटल्यावर माणसाला सर्वांत जास्त आठवतं ते साधारण 10 ते 30 या वयातलं, असं स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात. पण लिहायला बसला की नेमका तोच भाग दोन परिच्छेदांत उरकतो आणि थेट नोकरीला लागतो.

बाईंनी उरकलं नव्हतं. एका प्रकरणात त्या मध्यरात्री वसतिगृहाच्या भिंतीवरून आत उतरताना ओढणी काटेरी तारेत अडकून अर्धा तास लटकतात. रखवालदार येतो, टॉर्च मारतो. "कोण आहे?" बाई वरून म्हणतात, "कोणी नाही." "बरं," म्हणून तो निघून जातो.

हे पान ताडताना मी मोठ्याने वाचत होतो आणि सहकारी मुलगी मूळ प्रतीवर बोट धरून होती. ती इतकी हसली की बोट सुटलं आणि गळालेल्या दोन ओळी थेट तिसऱ्या वाचनात सापडल्या. गंमत सगळी त्या 'कोणी नाही'त आहे. वीस वर्षांच्या मुलीला ते उत्तर अगदी बिनतोड वाटतंय. 67 वर्षांच्या बाईंना त्यातला मूर्खपणा पुरता कळतो, पण त्या मध्ये तोंड घालत नाहीत.

माफीनामा कशाला, हे बाईंना पटवायला मी बनारसीदासांचा दाखला काढला. या जैन व्यापाऱ्याने 1641 साली 'अर्धकथानक' हे पद्य आत्मचरित्र लिहिलं. कोवळ्या वयात प्रेमात पडून वडिलांची रत्नं चोरल्याचं आणि त्यावर पान-मिठाई आणल्याचं त्यात सरळ सांगून टाकलंय. शेवटी, प्रामाणिकपणे तेही बोलून गेलो, स्वतःचे गुणदोषही मोजून दाखवलेत.

"मग मी का नाही मोजायचे?" बाई म्हणाल्या.

माझी बोलती बंद. (दाखले देण्याची ही खोड एकदा नडणारच होती.) तेवढ्यात सहकारी मुलीने भिंतीचं पान उचललं आणि वाचायला लागली. 'बरं'पर्यंत पोचल्यावर बाईंनाही हसू आवरेना. मग तिने लगेच, त्याच सुरात, माफीनामा वाचला. दुसऱ्या वाक्याला बाईंचं हसू ओसरलं. चौथ्याला त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे. ही कोण बाई बोलतेय मधेच?"

कागद परत पर्समध्ये गेला. दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या.

"तारेवर अर्धा तास लिहिलंय ना मी? पाचच मिनिटं असतील."

"दुरुस्त करू?"

"छे! ओढणी आहे अजून माझ्याकडे. तेवढी फाटायला अर्धा तास लागतोच."