कमी बोलीने सुरुवात: माझ्या दुबार तिकिटांचे लिलाव

संग्रहात एकाच टपाल तिकिटाच्या दोन-तीन प्रती साठल्या की त्या विकून नवी भर घालावी, असे बहुतेक संग्राहकांना कधी ना कधी वाटते. मीही माझी चाळीसेक दुबार तिकिटे ऑनलाइन लिलावात मांडली आणि पहिल्याच पायरीवर चुकलो. कॅटलॉगमध्ये छापलेला आकडा म्हणजेच तिकिटाचे मोल, असे धरून मी प्रारंभिक बोली त्याच आकड्यावर ठेवली. सात दिवसांत एकही बोली आली नाही. लिलावात कॅटलॉगच्या किमतीचा बहुधा काही अंशच हाती येतो, हे मला ऐकून ठाऊक होते. पण आपली तिकिटे याला अपवाद असतील, अशी माझी भाबडी समजूत होती.

दुसऱ्या खेपेस मी तीच तिकिटे अपेक्षित किमतीच्या दहाव्या हिश्श्यावर मांडली आणि आठवडाभर पस्तावत राहिलो. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी चार-पाच जणांनी बोली लावली, आणि शेवटच्या काही मिनिटांत त्यांतली बरीच तिकिटे माझ्या अपेक्षेच्या जवळपास, काही तर तिच्याही पुढे गेली.

असे का झाले, हे नंतर बोलीची पद्धत नीट समजून घेतल्यावर उलगडले. अशा लिलावात बोली लावणारा आपली कमाल मर्यादा गुप्तपणे नोंदवतो आणि संगणक त्याच्या वतीने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या फक्त एक पायरी वर जातो. म्हणजे अंतिम किंमत ठरते ती जिंकणाऱ्याच्या इच्छेवर नव्हे, तर हरणाऱ्यांतल्या सर्वांत उत्सुक माणसाच्या मर्यादेवर. या तत्त्वाची अर्थशास्त्रीय मांडणी अर्थतज्ज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये केली. पण टपालाने बोली मागवणारे तिकीट-विक्रेते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ती रीत वापरत होते, हे वाचून एक तिकीट-संग्राहक म्हणून मला उगाचच अभिमान वाटला. या हिशेबाने पाहिले, तर दोन जाणकार समोरासमोर आले की सुरुवात कितीही खालून झाली तरी विक्रेत्याचे फारसे बिघडत नाही. प्रारंभिक बोली खऱ्या अर्थाने महत्त्वाची ठरते ती एकच ग्राहक आला तर, कारण मग तीच विक्रीची किंमत होते.

हा धडा मला एका जुन्या पाकिटाने दिला. त्यावरचे तिकीट सामान्य होते. मोल होते ते एका बंद पडलेल्या टपाल कचेरीच्या शिक्क्याला. शीर्षकात मी त्या ठिकाणाच्या नावातले एक अक्षर चुकवले आणि वर नेहमीच्या उत्साहात सुरुवात अगदी तळापासून केली. नाव शोधणाऱ्यांना ते पाकीट दिसलेच नाही. एकच बोली आली, आणि लिलाव संपल्यावर शब्द फिरवता येत नसल्यामुळे पाकीट त्याच किमतीला पाठवावे लागले. पुढे २००६ मधला एक शोधनिबंध वाचनात आला. कमी सुरुवात गर्दी खेचते आणि गर्दी पाहून आणखी लोक येतात. मात्र शीर्षकातल्या चुकीमुळे वस्तू सापडेनाशी झाली, तर कमी सुरुवातीचा शेवटही कमीच होतो, असे त्याचे म्हणणे होते. माझी चूक आधीच कोणीतरी अभ्यासून ठेवली होती, एवढेच समाधान!

त्याच सुमारास एका स्नेह्याने, ‘बोली खाली राहिली तर मी दोन-चार वेळा वाढवून देतो,’ असे सुचवले. ते मी नाकारले. लिलावाच्या नियमांत हे निषिद्ध आहेच, शिवाय आपल्याच व्यवहारातल्या ग्राहकाला असे फसवणे मला जमणारे नव्हते.

आता मांडणीपूर्वी मी त्याच प्रकारच्या वस्तूंचे संपलेले लिलाव चाळतो आणि त्यांत किती वेगवेगळ्या लोकांनी बोली लावली ते मोजतो. चार-पाच जण दिसले, तर निर्धास्तपणे तळापासून सुरुवात करतो. पाठीचा गोंद, हिंजची (तिकीट अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीची) खूण आणि कडेचे दात स्पष्ट दिसतील अशी छायाचित्रे देतो, कारण शंका आली की जाणकार माणूस आपली मर्यादा गुपचूप खाली आणतो. शिक्क्यांच्या पाकिटांसाठी मात्र ज्या किमतीला विकून वाईट वाटणार नाही, तिथूनच सुरुवात होते. सध्या असे एक पाकीट तिसऱ्यांदा मांडले आहे; दोघे जण त्यावर नजर ठेवून आहेत, बोली अजून कोणाचीच नाही, आणि मी आकडा खाली आणलेला नाही.