बोट कुजवते ते पावसाचे पाणी

फायबरची बोट कुजत नाही, असा समज आमच्या किनाऱ्यावर अजूनही पक्का आहे. फायबर खरोखरच कुजत नाही. कुजते ते त्याच्या आत दडलेले लाकूड. जुन्या बोटींच्या तळाला ताठपणा देणारे, बोटीच्या लांबीच्या दिशेने जाणारे वासे, म्हणजे स्ट्रिंगर, आणि मागच्या बाजूला इंजिन पेलणारी फळी, म्हणजे ट्रान्सम, हे बहुधा लाकडाचे किंवा प्लायवुडचे असून त्यांवर फायबरचा थर चढवलेला असतो. या थरातून गेलेल्या एखाद्या स्क्रूचे भोक नीट बुजवले नाही, की पाण्याला आत शिरायला वाट मिळते.

लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात फारशी फोफावत नाही, तिला गोडे पाणी मानवते. त्यामुळे रोज समुद्रात जाणाऱ्या बोटीपेक्षा माडाखाली उघडी पडलेली, तळात पावसाचे पाणी साचलेली बोट लवकर कुजते, आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात हे पाणी कमी पडत नाही.

शिवोलीला आमच्या बोटीचा ट्रान्सम हातोडीने ठोकून पाहिला, तेव्हा कडेला टणक आणि इंजिनाच्या बोल्टांखाली बद्द आवाज आला. तिथे बारीक ड्रिल मारल्यावर कोरड्या भुशाऐवजी चहाच्या चोथ्यासारखा काळा, ओला लगदा बाहेर पडला. अशा लाकडात पातळ रेझिन, म्हणजे फायबरचा थर जोडणारे, सुकल्यावर टणक होणारे द्रव, मुरवून ते पुन्हा घट्ट होते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते, जिथे इंजिनाचा भार येतो तिथे हा उपाय निव्वळ मनाचे समाधान आहे.

कुजलेले सगळे काढायचे, पण एकदम नव्हे. बोट खालून ठिकठिकाणी टेकू देऊन सरळ बसवावी आणि एका वेळी एकच स्ट्रिंगर कापावा, नाहीतर तळाचा आकार बिघडतो आणि नवे वासे त्या बिघडलेल्या आकारातच कायमचे बसतात. नवे प्लायवुड आयएस ७१० प्रतीचे, म्हणजे मरीन, घ्यावे आणि त्याच्या कडांना रेझिन पिईल तेवढे पाजावे, कारण पाणी आधी कडेतूनच शिरते. रेझिन दोन प्रकारची, पॉलिएस्टर आणि इपॉक्सी. जुन्या फायबरमधल्या, पूर्ण सुकलेल्या पॉलिएस्टरवर नवा थर चिकटवायला इपॉक्सी अधिक भरवशाचे; मात्र त्यासोबत नेहमीची चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) न वापरता विणलेले कापड घ्यावे, कारण त्या मॅटमधले धागे बांधून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसते. पॉलिएस्टरच वापरणार असाल, तर कोबाल्ट (रेझिन सुकण्याचा वेग वाढवणारे द्रव) आणि हार्डनर (रेझिन टणक करणारे द्रव) हे दोन्ही थेट एकमेकांत कधीही ओतू नयेत. त्याने स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळून मगच हार्डनर घालायचा.

अडचण वेळेची आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत बोटी रिकाम्या असतात, म्हणून दुरुस्तीही तेव्हाच निघते, आणि लाकूड सुकायला वर्षातला सर्वांत वाईट काळ तोच. मासळीचे चार दिवस बुडाले तरी चालतील, पण लाकडाचे काम मार्च-एप्रिलमध्येच करावे. बोल्टांची भोकेही त्याच वेळी मुद्दाम मोठी पाडून घट्ट इपॉक्सीने भरावीत आणि ते सुकल्यावर त्याच्या मधोमध बोल्टाच्या मापाचे नवे भोक पाडावे, म्हणजे बोल्ट ढिला झाला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही.