चार वर्षांपूर्वी बंद केलेलं खातं आणि माझा पासपोर्ट

एका कंपनीकडून आलेल्या मेलमध्ये तीनच ओळी होत्या. आमच्या यंत्रणेत कुणीतरी शिरलं, तुमचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टची प्रत बाहेर गेली असण्याची शक्यता आहे, खबरदारी म्हणून पासवर्ड बदला. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख कशी बदलायची?

त्या कंपनीतलं खातं मी चार वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. मग माझा पासपोर्ट त्यांच्याकडे अजून कसा? कंपनी युरोपातली, म्हणून तिला जीडीपीआर, म्हणजे युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, लागू होता. त्यातल्या कलम १५ चा आधार घेऊन मी लेखी विचारलं : माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, कशासाठी, आणि किती काळ ठेवणार? उत्तराला एक महिन्याची मुदत असते. ते २८व्या दिवशी आलं. प्रत जुन्या बॅकअपमध्ये ‘राहून गेली’ होती. हे दोन शब्द त्यांचेच, आणि पुढे मला सर्वांत उपयोगी पडले तेही हेच. गरज संपल्यावर माहिती ठेवायची नाही, हे त्या कायद्याचं मूळ तत्त्व आहे.

या कायद्याच्या पालनावर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी नियामकाकडे तक्रार केली. तो दंड करू शकतो, पण त्या दंडातला पैसा आपल्याला मिळत नाही. भरपाईसाठी त्याच कायद्याच्या कलम ८२ खाली वेगळा दावा करावा लागतो.

नुसती चोरी झाली म्हणून कंपनी दोषी ठरत नाही, हे वकीलबाईंनी मला समजावलं. बल्गेरियाच्या महसूल खात्यातून २०१९ मध्ये ६० लाखांहून अधिक लोकांची माहिती चोरीला गेली होती. त्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी हेच सांगितलं. पण सुरक्षा पुरेशी होती हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती बाळगणाऱ्यावरच टाकली. गैरवापराची भीतीसुद्धा नुकसान ठरू शकते, असंही म्हटलं. मात्र ती भीती साधार आहे, हे दाखवायचं आपण.

मी पहिल्या दिवसापासून तारीखवार टिपण ठेवलं होतं : माझी जन्मतारीख सांगणारे अनोळखी फोन, बँकेला कळवल्याची वेळ, नव्या पासपोर्टची पावती. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे नक्की करा, कळकळीने सांगते.

दावा दाखल होण्याआधीच तडजोडीचा प्रस्ताव आला. पासपोर्टचा खर्च, वकिलांची फी आणि वर काही रक्कम. मी एक अट घातली : बंद खात्यांची कागदपत्रं बॅकअपमधूनही पुसली, असं लेखी द्या. त्याला आणखी सात आठवडे लागले. ते पत्र हातात आल्यावरच मी सही केली.